गाणं आलं ते तोंडासकट

बाई,

काल संध्याकाळी मी घरात एवढ्या मोठ्यानं ओरडले, की शेजारच्या वहिनी हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या. झालं काहीच नव्हतं. माझी नात फोनवर गाण्याची कसलीशी स्पर्धा बघत होती. देशोदेशीची पोरं तिथं येतात आणि इंग्रजी गाणी म्हणतात. त्यात एक कोरियाची मुलगी आली. परीक्षकांशी बोलताना बिचारी शब्द शोधत होती, एक वाक्य पुरं करायला तिला घाम फुटला. मग तिनं माईक हातात घेतला आणि बाई, तोंडच बदललं हो! अडखळणं नाही, लाजणं नाही, शब्द नुसते घरंगळत होते. हेल तरी कुठला, तर अमेरिकेचा. नात म्हणाली, "आजी, ही बोलते एक आणि गाते भलतंच. मघाशी तो स्वीडनचा मुलगा आला, त्याचंही तेच. सगळे गाताना अमेरिकन का होतात गं?" तेव्हा मी ओरडले. "अगं हाच! हाच तो बाईंचा प्रश्न!"

वहिनी लाटणं घेऊन परत गेल्या आणि नातीला वाटलं आजीला ऊन लागलं. सांगायचं तरी कुणाला? दादा गेले, आई गेली. वर्गातल्या दोघीतिघी आहेत, पण त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या माझ्या गाण्यापेक्षा तिथं आपण नेसलेलं पातळच जास्त आठवतं. हा प्रश्न ज्या माणसाला खरोखर चावला होता ते माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या बैठ्या घराच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे. तरी म्हटलं लिहावंच. पत्रलेखन शिकवताना तुम्ही सांगायचात, पत्ता उजव्या कोपऱ्यात हवा आणि मजकुरात पाल्हाळ नको. पत्ता तर गेलाच. पाल्हाळ मात्र होणार आहे, राग मानू नका.

सत्तर सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील ती. आम्ही मूळचे पारनेर तालुक्यातले. गावातला कोरडवाहू तुकडा चुलत्यांना करायला दिला आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, भिंगारच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. नगरच्या शाळेत आले तरी माझ्या जिभेवरून पारनेर उतरलं नव्हतं. मी हाय म्हणायची, न्हाई म्हणायची, लई म्हणायची, आणि इंग्रजीच्या तासाला वाचायला उभं केलं की 'इस्कूल' म्हणायची. वर्ग फिदीफिदी हसायचा. तुम्ही हसायचा नाहीत. तुम्ही पर्समधून तो छोटा गोल आरसा काढायचात, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. 'थ' म्हणताना जीभ दातांच्या मध्ये दिसली पाहिजे. 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर आले पाहिजेत. आरसा माझ्या तोंडासमोर धरून म्हणायचात, "बघ, कुठंय जीभ? आत लपून बसलीय. बाहेर बोलाव तिला." ती कशाला येतेय! तुमची स्वतःची इंग्रजी मात्र इतकी ताठ आणि कडक, की आम्हा मुलींत बोलवा होती, बाई विलायतेत राहून आल्यात म्हणून. तुम्ही पुण्याच्या पलीकडे फारशा गेलाच नव्हतात, हे मला नंतर कळलं. ते कसं कळलं तेही येईलच.

आधी रेकॉर्ड प्लेअरचं सांगते, कारण तुम्हाला तो एकदाच दिसला. लष्कराच्या कॅम्पातल्या साहेबलोकांचे रेडिओ दादांकडे दुरुस्तीला यायचे. त्यातल्या एका साहेबांनी रेकॉर्ड प्लेअर टाकला आणि त्यांची बदली झाली. सुईचा सुटा भाग मुंबईहून येईस्तोवर साहेब पार आसामात पोचले होते. ठेवून घ्या, असा त्यांचा निरोप आला. प्लेअरवर एक रेकॉर्ड तशीच राहिली होती. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला ओरखडे पडून नुसती खरखर. दादांच्या लेखी ती रेकॉर्ड म्हणजे एक अवजार होतं. कुठलाही स्पीकर दुरुस्त झाला की जोडायचा आणि तेच गाणं लावून बघायचं. त्यामुळं ते गाणं मी भांडी घासताना ऐकलं, भूगोल पाठ करताना ऐकलं, ताप आला तेव्हा गोधडीत पडून ऐकलं. कुणीतरी बाप्या गिटार वाजवत गायचा. त्यात नदी होती, पूल होता आणि तो घरी निघाला होता, एवढा अर्थ मला लागला तोसुद्धा उशिरा. आधी नुसते आवाजच पाठ झाले. कुठला शब्द कुठं संपतो ते ठाऊक नव्हतं, पण त्यानं कुठं श्वास घेतलाय ते ठाऊक होतं. आणि ते म्हणताना माझी जीभ कुठंही अडायची नाही. इंग्रजीत मी उभी राहीन आणि कुणी हसणार नाही, अशी जगात एकच जागा होती. ती जागा म्हणजे ते गाणं, आणि मला ती कुणाच्याही हाती जाऊ द्यायची नव्हती.

म्हणून स्नेहसंमेलनाला कॅम्पातले मोठे साहेब आणि त्यांच्या मॅडम पाहुणे येणार, तर एखादं इंग्रजी गाणं बसवायचं, असं तुम्ही वर्गात सांगितलंत तेव्हा मी हात वर केला. कुणालाच खरं वाटेना. तुम्हीही म्हणालात, "तू? बरं, म्हण बघू." मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं संपायच्या आत टेबलावर डस्टर आपटलं. "थांब! हे तोंड कुणाचं आणलंस?" मला वाटलं सूर चुकला. "सूर ठीक आहे. हा अमेरिकन हेल कुठून उचललास? नाकातून, तोंडात चिंचेची गोळी धरल्यासारखा! 'वॉटर'मधला ट कुठं गेला?" मी म्हटलं, "बाई, गान्यात ट न्हाईच." वर्ग हसून कोसळला. तुमचा चेहरा लाल झाला. "या मुलींचे ट आणि ड वेगळे करता करता माझा जन्म चाललाय, आणि तू मला सांगतेस ट नाहीच!" मग आवाज खाली आणून तुम्ही सांगितलंत, की शुद्ध उच्चारात म्हणणार असशील तर म्हण, नाहीतर आठवड्यानं मी दुसरी मुलगी बघते. मुख्याध्यापिकाबाईंचं, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंचं, म्हणणंही तेच पडलं. बोलताना जिची इंग्रजी अडते ती पोर पाहुण्यांपुढं अमेरिकन थाटात गायला लागली, तर शाळेचं हसं होईल.

काय तो आठवडा! मी मोरीत गाणं शुद्ध करत होते, दुकानामागच्या बोळात शुद्ध करत होते, शाळेच्या वाटेवर शुद्ध करत होते. जीभ बाहेर, दात ओठावर, सगळं तुमच्या आरशाप्रमाणं. आणि गाणं चालायलाच तयार होईना. 'वॉटर' असं स्वच्छ म्हटलं की तो ट दगडासारखा आडवा यायचा आणि ओळ तिथं ठेचकाळायची. त्या बाप्यासारखं 'वॉऽडर' म्हटलं की पाणी पुढं जायचं. तालमीला तुम्ही पायानं ठेका धरून बसायचात आणि त्या ट पाशी तुमचाही पाय अडायचा. मी बघितलं होतं. शेवटी वैतागून तुम्ही स्वतःच म्हणून दाखवायला गेलात. नुसतं बोललात तेव्हा ट खणखणीत आला. चालीवर घेतलंत, एकदा, दोनदा, आणि मग तुमच्याही तोंडून तो निम्मा मऊ झाला! तुम्ही चपापून गप्प बसलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. "उद्या पाहू," म्हणालात आणि जेवणाचा डबा बाकावरच विसरून निघून गेलात. मला वाटलं, गेलं गाणं हातचं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दुकानासमोर सायकलची घंटी. तुम्ही सायकल भिंतीला टेकवताय, ती धाडकन पडतेय, आणि तुमचं तिकडं लक्षही नाही. दादा हातातली कात्री ठेवून उभे राहिले. शाळेतल्या बाई घरी आल्या म्हणजे पोरीनं काहीतरी प्रताप केलाय, हे कुठल्याही बापाला कळतं. तुम्ही त्यांना नमस्कारसुद्धा न करता पडद्याआडून थेट आमच्या स्वयंपाकघरात. पदर खोचलेला, केस विस्कटलेले. "अगं, तेसुद्धा! ते लोकसुद्धा तसंच करतात!" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कोन लोक, बाई? आदी बसा तर खरं." तुम्ही पाटावर बसलात आणि लगेच उठलात. "इंग्रज हो! खुद्द इंग्रज!" रोज संध्याकाळी तुम्ही रेडिओवर विलायतेच्या बातम्या ऐकायचात. त्या दिवशी बातम्यांनंतर रेडिओ बंद करायचा राहिला आणि गाण्यांचा कार्यक्रम लागला. विलायतेतली चार पोरं आली होती, निवेदकाशी बोलत होती, अस्सल तिथली बोली. आणि मग ती गायला लागली ती अमेरिकन तोंडानं! "ज्यांची भाषा आहे त्यांचाच ट गेला! मग ह्या पोरीनं काय घोडं मारलं?" असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, आणि मला कळेना की हसावं की रडावं.

तुम्हाला ती रेकॉर्ड ऐकायची होती. दादांनी दुकानातून प्लेअर आत आणला, फुंकर मारून धूळ उडवली, सुई ठेवली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. गाणं संपताना तो बाप्या शेवटची ओळ परत परत म्हणतो, हळू, आणखी हळू, आणि मग ऐकूच येत नाही. तुम्ही म्हणालात, "आता तू म्हण. पुरतं म्हण, मी थांबवणार नाही." वर्गात तुम्ही पहिल्या कडव्यालाच डस्टर आपटलं होतं, तालमीत सगळी लढाई त्या ट पाशी चाललेली, त्यामुळं माझा शेवट तुम्ही कधी ऐकलाच नव्हता. मी म्हणत गेले. शेवटची ओळ आली. ती म्हटली, मग जरा हळू म्हटली, मग एक पाऊल मागं घेऊन आणखी हळू, मग अजून एक पाऊल. मागं चूल होती. आईनं "आगं भाजशील!" म्हणून मला ओढलं, तरी माझे ओठ हलतच होते, आवाज मात्र शून्य. तुम्ही बघतच राहिलात. "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "त्यो जातो ना बाई." "कोण जातो? कुठं?" "गानारा. पुलावरनं, घरी. गात गात लांब जातो. आपल्यासारखं गानं संपवत न्हाईत ते लोक. गानं चालू ठिवायचं आन् आपन निगून जायाचं."

दादांनी मुकाट्यानं सुई परत ठेवली, प्लेअरचं आवाजाचं बटण चिमटीत धरलं आणि हळूहळू डावीकडं पिळलं. गाणं बारीक होत होत विझलं. "पोरी," ते म्हणाले, "तकडं बी असंच कुनीतरी बटन पिळतंय. त्यो बाबा हाय तितंच हुबा हाय." आणि बाई, तुम्ही ज्या हसलात! पाटावर बसलात, भिंतीला डोकं टेकलंत, डोळ्यांतून पाणी. "बटण गायली ही! अगं, तू बटण गायलीस!" मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. इतके महिने तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर पूल ओलांडून घरी जात होता, आणि आता कळतंय की तो गेलाच नाही. तुम्हाला ते दिसलं असावं. तुम्ही हसणं आवरलंत, माझा हात धरलात आणि तुमचा आवाज एकदम निराळाच झाला, वर्गात कधी ऐकला नव्हता असा. "म्हणजे हा नखरा नाहीच. मला वाटलं ही शाइन मारतेय. हिच्याकडे गाणं आलं ते तोंडासकट आलं. चाल, श्वास, हेल, बटण, सगळं एका गाठोड्यात. यातलं गाणं किती आणि तोंड किती, हे हिला कोण सांगणार होतं?"

आता तुमच्या अंगात आलं होतं. आई आपल्या नादात भजन गुणगुणत भाकरी उलटत होती, तिच्याकडे तुम्ही गर्रकन वळलात. "वहिनी, आत्ता काय म्हणालात? परत म्हणा." आई घाबरली. त्या भजनात 'नाही' हा शब्द घोळून घोळून यायचा. "तुम्ही गाण्यात 'नाही' म्हणालात. बोलताना तर तुम्ही 'न्हाई' म्हणता." आई म्हणाली, "न्हाई बाई! मी सारकंच म्हनते." "मग म्हणा बरं." आईनं म्हटलं, आणि स्वच्छ 'नाही' आलं. दादा हसले, मी हसले. तुम्ही म्हणालात, आता मुद्दाम 'न्हाई' घालून म्हणा. आईनं प्रयत्न केला, एका ओळीत तिला हसू फुटलं, तिनं पीठ लागलेला हात तोंडावर धरला. "जमंना हो! द्येवाची चेष्टा केल्यावानी वाटतंय. ह्ये गानं माज्या आईनं म्हनलं तसंच म्हनायचं." तुम्ही टाळी वाजवलीत. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे कव्वाल तुम्हाला लगेच आठवले. दिवसभर 'कायकू' आणि 'नक्को' करणारा माणूस उरुसात गायला बसला की पार लखनौचा होतो! भाकरीचा तुकडा हातात घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतात आणि बोलत होतात. बोलण्याचा हेल म्हणजे आवाजाची चढउतारच ना? गाण्यात ती चढउतार चालच ठरवते, मग आपल्या हेलाला उभं राहायला जागाच कुठं उरते? शब्द लांबवायचे म्हटले की त्यांचे कोपरे झिजणारच. पण कोपरे झिजून माणूस नुसता बोथट होईल, अमेरिकन का होईल? तर ते गाणंच तिकडं जन्मलं. ज्या गावचं गाणं त्या गावचं तोंड, आपण लावणी पुणेरी बोलीत म्हणतो का? आईनं मध्येच कालवणाची पळी पुढं करत विचारलं, "बाई, अजून कोड्यास दिऊ का?" आणि तुम्ही "हो हो" म्हणत ताट पुढं केलंत, बोलणं न थांबवता.

निघताना तुम्ही सायकल उचललीत, हँडल सरळ केलंत आणि दाराशी थबकलात. "आणि मी तरी हे तोंड कुठून आणलं?" हे तुम्ही आम्हाला म्हणाला नव्हतात. "बातम्या वाचणाऱ्याचं आहे ते. लहानपणापासून ऐकत आले, घेतलं. मी कुठं पाहिलीय विलायत." तेव्हा मला तुमचा जो काही लळा लागला बाई, तो आजतागायत सुटलेला नाही.

मोठ्या बाईंशी तुमचं झालेलं बोलणं मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. त्यांना पटत नव्हतं. पोरगी नक्कल करते आणि नक्कल म्हटली की हसं, असा त्यांचा हेका. तुम्ही म्हणालात, "नक्कल करणाऱ्याला ठाऊक असतं आपण काय उचलतोय ते. ह्या मुलीनं यंत्राचं बटणसुद्धा गायलंय! तिला गाऊ द्या तसं. बोलताना तिच्या तोंडाकडे मी बघेन, गाताना ते तिचं नाही, गाण्याचं आहे." मग मोठ्या बाई म्हणाल्या, "हसं झालं तर तुमच्यावर." तुम्ही "माझ्यावर" म्हणालात. बाहेर येऊन मला फक्त एवढंच सांगितलंत, की तोंड तुझं तू ठेव, पण शेवट नीट कर. शेवटची ओळ दोनदा, दुसऱ्यांदा ठाम, आणि नमस्कार. निघून जाणं बंद.

मांडव भरलाय. पहिल्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या मॅडम, शेजारी मोठ्या बाई. पेटीवर आमच्या संगीताच्या सरांनी सूर दिला. मी सुरू करते आणि पहिल्या 'वॉऽडर'ला मागच्या रांगांतून हसण्याची एक लाट येते, इस्कूलवाली अमेरिकन झाली म्हणून. मॅडम मात्र ताठ होऊन ऐकतायत. दुसऱ्या कडव्याला हसणं थांबलेलं असतं. तिसऱ्याला मला कुणी दिसतच नाही, नुसता पूल दिसतोय. आणि शेवटची ओळ येते. दोनदा, ठाम, नमस्कार, मला सगळं आठवतंय. पण तो माणूस पुलाच्या मध्यावर आहे हो! त्याला तिथंच उभा करून मी नमस्कार कसा करू? माझं पाऊल आपोआप मागं गेलं. मी हळू म्हटलं. पडद्याच्या फटीत तुम्ही हातवारे करताय, संपव, संपव. मी आणखी मागं, आणखी हळू. सर पेटीवरून गोंधळून बघतायत. मग माझा आवाज संपला, नुसते ओठ हलत होते, आणि मांडवात एवढी शांतता की आता हसं होणार, तुमच्यावर होणार, हे मला स्वच्छ कळलं.

आणि तेव्हा पडद्यामागून ती ओळ आली. अगदी बारीक, लांबून, पुलाच्या पलीकडून यावी तशी. बाईचा आवाज. नदीचं पाणी त्यात होतं आणि त्या पाण्यात ट नव्हता! 'वॉऽडर'च्या शेवटी जीभ मागं वळवून तो अमेरिकन र सुद्धा. मी वळून बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. मग टाळ्या पडल्या, मॅडम उठून उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. मॅडमनी मला जवळ बोलावून इंग्रजीत विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, "अवर शॉप, मॅडम. रेडिओ रिपेरिंग." बोलले ते पुन्हा पारनेरच्या तोंडानं. पुढच्या दोन रांगा हसल्या, आणि बाई, मला काहीसुद्धा वाटलं नाही! मीही हसले.

पडद्यामागं मी तुम्हाला म्हटलं, "बाई, तुमी गायलात." तुम्ही रागानंच बघितलंत. "मी? मी नाही गायले. कुणीतरी मुलगी असेल." आणि पर्समधून तो गोल आरसा काढून माझ्या हातावर ठेवलात. "हा घे तुला. बोलताना यात बघत जा. गाताना नको." त्याच आरशासमोर बसून मी पुढं बोलायला शिकले आणि नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. जन्मभर हेडफोन लावून तिसऱ्याच तोंडानं बोलले. आई म्हणायची, "ह्या यंत्रात तू येगळीच बोलतीस, लेकी." मला दरवेळी तुम्ही आठवायचात. नंतर कधीही भेटले की मी विषय काढायची, आणि तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. आजारपणात भेटायला आले तेव्हासुद्धा नाही. "कुणीतरी मुलगी असेल," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून हसलात.

तर काल नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणून दाखव. तिनं फोनवर ते गाणं शोधून काढलं, खरखर नाही, ओरखडा नाही, अगदी स्वच्छ. मी त्याच्याबरोबर म्हणायला लागले आणि या वयात, या दातांनी, तोंड आपसूक तिकडं गेलं! शेवटी मी मागं मागं जात कपाटाला टेकले. नातीनं विचारलं, "आजी, शेवटच्या वेळी तुझे नुसते ओठ का हलले? आवाज का नाही काढलास?" मी म्हटलं, जुनी खोड आहे, बटणाची.

हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. बटणाचं तर मला तेव्हाच कळलं होतं. ती ओळ मी तुमच्यासाठी सोडते.